बऱ्हाणपूरसाठी गाडी

बायकोच्या बदलीची ऑर्डर आली तेव्हा तिने ती मला वाचून दाखवली आणि चहा ठेवायला उठली. मी फोनवर नकाशा उघडला. निळी रेघ इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या आमच्या गल्लीतून निघाली, सिमरोलवरून घाटात उतरली आणि बडवाह, मोरटक्क्याचा नर्मदेवरचा पूल, सनावद, खंडवा, असिरगड असं करत बऱ्हाणपूरला टेकली. घाटापाशी ती रेघ इतकी वेडीवाकडी होती की बोटांनी मोठी करून पाहिली तरी सरळ होईना.

ती सरकारी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आजवर तिच्या बदल्या झाल्या त्या इंदूरच्या आसपास. कधी महू, कधी देपालपूर. सकाळी डबा घेऊन जायचं, संध्याकाळी भाजी घेऊन यायचं. आता एका बाजूला चार-साडेचार तास, तेही रस्ता मोकळा असेल तर. ती मात्र शांत होती. तिचं माहेर तिथून जवळच, रावेरकडचं. आईवडील आता नाहीत, पण बऱ्हाणपूर तिला माहेरच्या अंगणासारखं वाटतं. तिथे खोली घ्यायची, सोमवारी पहाटे निघायचं, शुक्रवारी संध्याकाळी परतायचं, असं तिने चहा होईपर्यंत ठरवूनही टाकलं होतं.

पहिले काही आठवडे ती बसने गेली. महूहून खंडव्याला जाणारी छोटी रेल्वे गेज बदलायची म्हणून बंद पडली ती बंदच आहे, त्यामुळे बसशिवाय इलाज नव्हता. रस्त्याचं काम चाललेलं, ठिकठिकाणी खोदलेलं, शेवटची सीट मिळाली तर डोकं छताला लागायचं. शुक्रवारी घरी आली की ती आधी जमिनीवर सतरंजी टाकून आडवी व्हायची आणि कंबर सरळ होईपर्यंत बोलायची नाही. आमची जुनी छोटी गाडी शहरात बरी होती, पण तिचा एसी नावालाच होता आणि घाट चढताना ती कुथायची. एका शुक्रवारी जमिनीवरूनच ती म्हणाली, आता नवी गाडी घ्यायची.

मी गाडी चालवत नाही. कॉलेजात असताना मला दोनदा फिट आली होती. मग गोळ्या सुरू झाल्या आणि त्यानंतर इतक्या वर्षांत पुन्हा काही झालं नाही. पण तेव्हा डॉक्टरांनी स्टेअरिंगपासून लांब राहायला सांगितलं होतं आणि मी राहिलो. स्कूटरसुद्धा शिकलो नाही. मी गणित शिकवतो ती शाळा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, बाकी शहरात रिक्षा मिळतात. गाडी आमच्याकडे पहिल्यापासून तिनेच चालवली. तिच्या वडिलांनी तिला लग्नाआधीच केळीच्या बागांमधल्या कच्च्या रस्त्यांवर जीप शिकवली होती. आमचं घराणं संस्थानाच्या दफ्तरात कारकुनी करायला इंदूरला आलेलं, नेमस्त. नव्या सुनेने दारात गाडी उभी केली आणि नवरा शेजारच्या सीटवरून उतरला, हे बघून आमच्या नातेवाइकांत बरीच थट्टा झाली होती. मला तिचं कधी काही वाटलं नव्हतं. शहरात, रोजच्या रस्त्यांवर, तिच्या शेजारी बसायला मला आवडायचं.

घाटाची गोष्ट वेगळी. मी गाड्या आपटतानाचे व्हिडिओ बघायला लागलो. कारखान्यात गाडी भिंतीवर नेऊन आपटतात, आत बसवलेला पुतळा पुढे येतो, फुगा उघडतो, पुतळ्याचं डोकं त्यात शिरतं. तेच परत संथ गतीने दाखवतात. कोणत्या गाडीचा दरवाजा किती दबला, पुतळ्याच्या गुडघ्याला काय झालं, सगळं मी बघायचो. शाळेत मधल्या सुट्टीतही बघायचो. एकदा तिने खांद्यावरून वाकून पाहिलं आणि विचारलं की हे बघून झोप कशी येते. येत नाही, मी म्हणालो, आणि ते खरं होतं.

मग आम्ही बसून ठरवलं, आपल्याला काय हवं. मी म्हणालो, वजनदार गाडी, सहा एअरबॅग आणि ऑटोमॅटिक, म्हणजे डाव्या पायाला आराम. तिचं ऐकून मी जरा दुखावलोच.

"कंबर दुखायला नको," ती म्हणाली. "दर आठवड्याला पंपावर रडायला लागू नये, म्हणजे ॲव्हरेज चांगलं हवं. आणि चालवायला मजा आली पाहिजे."

मजा कशाला, मी म्हणालो. आपण सहलीला थोडंच चाललोय. ती म्हणाली, आठवड्यातले आठ-नऊ तास ती त्या गाडीत एकटी असणार. मजा नसेल तर तिला झोप येईल, किंवा चिडचिड होईल, आणि दोन्ही वाईट. शिक्षिका असल्यामुळे तिला कारण सांगून गप्प करता येतं. पण मला ते पटलं नव्हतं. ज्या रस्त्याच्या विचाराने माझी झोप उडाली होती, त्यावर हिला मजा हवी होती.

शोरूममध्ये सगळे माझ्याशी बोलायचे. आम्ही आत शिरलो की कुणीतरी टाय लावलेला तरुण पुढे यायचा, 'आइए सर' म्हणायचा, तिला पाणी द्यायचा आणि मला गाडी दाखवायचा. गाडी मॅडम चालवणार आहेत असं मी सांगितलं की तो मान डोलवायचा आणि तिला आरसा, पर्स ठेवायची जागा, सीटचा रंग दाखवायला लागायचा. इंजिनाचं परत माझ्याशी. एकदा एकाने सरळ किल्ली माझ्या हातात ठेवली. ती हातात घेऊन मी तसाच उभा राहिलो. किल्ली म्हणजे काय, एक बटण असलेला काळा तुकडा, पण मला तो कुठे ठेवावा कळेना. तिने माझ्या हातातून तो काढून घेतला आणि दार उघडून आत बसली. त्या तरुणाने माझ्याकडे पाहिलं. मी मागच्या सीटवर जाऊन बसलो.

ती माझ्या पसंतीची गाडी होती. उंच, रुंद, जड, आपटण्याच्या परीक्षेत पहिली आलेली. माझी बायको जेमतेम पाच फूट. तिने सीट वर घेतली तर पाय लोंबायला लागले, खाली घेतली तर बोनेटपलीकडचं दिसेना. डोक्यामागची उशी तिची मान पुढे ढकलत होती. बायपासवर दोन वळणं घेऊन ती परत आली आणि एवढंच म्हणाली की बस चालवल्यासारखं वाटतं. शिवाय ती गाडी आमच्या बिल्डिंगच्या फाटकातून आत आली असती की नाही, ही शंकाच होती. मी तरी अडून बसलो. सवय होईल, मी म्हणालो. मान मोडून सवय करायची का, असं तिने विचारलं.

दुसरी गाडी सीएनजीची होती. ॲव्हरेजच्या बाबतीत तिला तोड नव्हती, त्यामुळे माझं मन तिकडे झुकलं. पण डिकी उघडली तर आत टाकीच. आठवड्याची बॅग, कुकर आणि तपासायचे पेपर कुठे ठेवायचे? फ्लायओव्हर चढताना गाडीचा दम लागलेला आवाज मलाही कळला. हायब्रिड गाडीही पाहिली. ती शांत, ऐसपैस होती आणि ॲव्हरेजही छान द्यायची, पण आमच्या आवाक्याबाहेरची, आणि मिळायला कित्येक महिने थांबावं लागणार होतं. तोवर ती बसनेच जात राहिली असती.

शेवटची गाडी तिने स्वतः शोधली होती. पेट्रोलवर चालणारी सेडान, जमिनीलगत बसलेली, साधे गिअर असलेली. मला ती पाहताक्षणीच नको वाटली. एवढी खाली, एवढी हलकी, शेजारून ट्रक गेला तर चाकं आपल्या डोक्याच्या उंचीला येणार. तिने सीट पुढे ओढली, पाठ टेकवली, क्लच दाबून सोडला, परत दाबला. मग निघाली. बायपासला लागल्यावर तिने गिअर बदलला आणि गाडी काही न बोलता पुढे सरकली. मी मागून आरशात तिचा चेहरा पाहिला. ती हसत नव्हती. पण प्रयोगशाळेत एखादं द्रावण हव्या त्या रंगावर आलं की तिचा चेहरा कसा होत असेल, याचा मला अंदाज आला.

हलक्या पायाने चालवली तर हायवेवर ॲव्हरेजही उत्तम देते, असं तिथला तरुण या वेळी तिला सांगत होता. ती म्हणाली, घाटात चालवून बघितल्याशिवाय घेणार नाही. त्याने हात जोडले. टेस्ट ड्राइव्ह बायपासच्या पुढे नेता येत नाही, तसा नियमच होता.

मला हायसं वाटलं, विषय तिथे संपला असं वाटून. पण तिने घरी येऊन फोनवर शोधलं आणि स्वतः चालवायला भाड्याने गाड्या देणाऱ्या एका दुकानात तीच गाडी एका रविवारसाठी ठरवली. सकाळी निघू, बऱ्हाणपूरला जेवू, परत येऊ, म्हणाली. मीही चलावं असा तिचा आग्रह होता. मीही तिला एकटीला पाठवणार नव्हतोच.

त्या रविवारी मी पुढे, तिच्या शेजारी बसलो. सिमरोल गेलं आणि रस्ता उतरायला लागला. मला माझं वागणं दिसत होतं, पण थांबवता येत नव्हतं. खिडकीवरचं हॅन्डल मी घट्ट धरलं होतं. समोर ट्रक दिसला की 'ट्रक' म्हणत होतो. वळण आलं की श्वास आत ओढत होतो, आणि तो आवाज तिला ऐकू जात होता. उजवा पाय खाली रबराच्या चटईवर दाबून धरला होता, इतका की पोटरी दुखायला लागली. एका ठिकाणी मी म्हणालो, "हळू." ती आधीच हळू होती.

तिने इंडिकेटर दिला आणि एका चहाच्या टपरीजवळ गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. समोर बघत, आवाज न चढवता ती बोलली.

"तुमच्या पायाखाली ब्रेक नाहीये. तुम्ही इथे असं बसलात की मला दोन गाड्या चालवाव्या लागतात. एक ही, आणि एक तुमची. मला एकच चालवू द्या."

मी उतरून मागे बसलो. टपरीवाला आमच्याकडे बघत होता. त्याला वाटलं असेल, भांडण झालं.

मागून रस्ता कमी दिसतो. मला तिचा खांदा, गिअरवरचा हात आणि आरशातले डोळे दिसत होते. काही वेळाने ती गुणगुणायला लागली. आम्ही शहरात गाडीतून जातो तेव्हा ती कधी गुणगुणत नाही. शहरात मी सारखा बोलत असतो, हे मला तेव्हा जाणवलं.

जाताना काही झालं नाही. बऱ्हाणपुरात जेवलो, तिची खोली पाहिली, घरमालकीणबाईंशी ती तिच्या माहेरच्या बोलीत बोलत होती आणि मला निम्मं कळत नव्हतं. जे झालं ते परतताना, घाट चढताना. आमच्या पुढे पोत्यांनी भरलेला एक ट्रक रांगत चढत होता. तिने त्याच्या मागे बरंच अंतर ठेवलं होतं, मागची गाडी सारखी हॉर्न देत होती तरीही. ट्रक थांबला. मग हळूहळू मागे यायला लागला. आधी मला वाटलं आपणच पुढे चाललोय. ट्रकच्या मागच्या फळीवर रंगवलेली फुलं मोठी मोठी होत गेली. तिने हॉर्न दाबून धरला, आरशात पाहिलं, रिव्हर्स टाकला आणि गाडी मागे घेत डोंगराच्या बाजूच्या मुरुमात घातली. मागच्या गाडीवाल्यालाही तोवर कळलं होतं, तोही मागे हटला. ट्रक आमच्या समोरून तिरका होत आला आणि कठड्याच्या दगडांना टेकून थांबला. क्लीनर उडी मारून उतरला आणि चाकांमागे दगड लावू लागला.

कुणाला काही लागलं नव्हतं. आमच्या गाडीला ओरखडाही नव्हता. ती स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिली. मग मागे वळून तिने मला विचारलं, ठीक आहात ना. मी मान हलवली.

"रिव्हर्स पटकन पडला," ती म्हणाली. "आपल्या जुन्या गाडीत दोनदा टाकावा लागतो."

गाडी त्या वाक्यावर ठरली. मला वाटत होतं की हे बघितल्यावर आता बदली रद्द करायचा अर्ज करायचा, नोकरी सोडायची, काहीही करायचं पण या रस्त्यावर यायचं नाही. तिला वाटत होतं की गाडी चांगली आहे. पुढच्या आठवड्यात तिने पैसे भरले. मी तिच्यासोबत गेलो, सह्या झाल्या, पेढे वाटले, हार घातला.

नव्या गाडीतून ती पहिल्यांदा एकटी निघाली त्या सोमवारी मी शाळेत रजा टाकली. तिला सांगितलं नाही. आम्ही फोनवर एकमेकांना लोकेशन पाठवून ठेवलं होतं, म्हणजे नकाशावर तिचा ठिपका मला दिसणार होता. डायनिंग टेबलावर फोन उभा करून मी समोर बसलो. ठिपका शहरातून बाहेर पडला, सिमरोलला पोचला, पुढे सरकला आणि घाटाच्या मध्यावर थांबला.

मी चहा केला. ठिपका तिथेच. फोन लावला, लागला नाही. परत लावला. नेटवर्क नसेल, मी स्वतःला समजावलं. त्या भागात नसतंच. पण माझ्या डोळ्यांसमोर ट्रकच्या फळीवरची ती फुलं यायला लागली. बराच वेळ गेला तरी ठिपका हलेना. तेव्हा मी चपला घातल्या आणि खाली गेलो.

खालच्या मजल्यावर राहतात त्यांना सगळी बिल्डिंग इंदुरी धाटणीने भिया, म्हणजे भाऊ, म्हणते. महूच्या छावणीत ऑफिसात होते, आता सत्तरीच्या पुढे आहेत, एकटेच असतात. त्यांची जुनी गाडी आठवड्यातून एकदा, फक्त देवळापर्यंत जाते. मी काय सांगितलं मला आठवत नाही. त्यांनी हातातला पेपर घडी करून ठेवला.

"टेन्शन नका घेऊ सर, जाम लागला असेल, और क्या," ते म्हणाले. "पण चला. घरी बसून काय होणार, बघूनच येऊ."

भिया गाडी फार सावकाश चालवतात. सायकली आम्हाला ओलांडून जात होत्या. तेजाजी नगरच्या पुढे ते रस्त्याच्या नव्या कामाबद्दल बोलत होते, बोगदे होणार, मग घाट मिनिटांत पार होईल. मी हो हो म्हणत फोन लावत होतो. उजवा पाय परत खाली दाबला गेला होता, पण या वेळी ब्रेकसाठी नाही. त्यांनी जरा जोरात चालवावी म्हणून.

सिमरोलला पोचलो तर पुढे गाड्यांची रांग दिसली. भियांनी गाडी एका बाजूला घेतली आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. ती होती.

घाटात एक कंटेनर वळणावर अडकला होता, सगळे इंजिन बंद करून बसले होते, आता सुटलो, ती सांगत होती. ती बडवाहच्या अलीकडे होती आणि तिला भूक लागली होती. बडवाहला थांबून चिवडा घेईन म्हणाली. मी म्हणालो, बरं. आवाज नेहमीसारखा ठेवायचा मी प्रयत्न केला. तुम्ही कुठे आहात, तिने विचारलं.

"घरीच," मी म्हणालो. "शाळेत निघतोय."

ती म्हणाली की तिला नकाशावर दिसतंय, मी सिमरोलला आहे.

लोकेशन दोन्ही बाजूंनी चालू असतं, हे माझ्या लक्षातच नव्हतं. मी भियांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते, पण सगळं ऐकत होते.

"मी गाडी नीट चालवते हे तुम्हाला माहीत आहे ना?" तिने विचारलं.

"माहीत आहे."

"मग?"

रांगेतल्या गाड्या हलायला लागल्या होत्या, हॉर्न वाजत होते.

"तुझ्या चालवण्याची भीती नाही," मी म्हणालो. "तुला काही झालं तर मला गाडी काढून येता येत नाही. तेवढंच आहे."

मग ती म्हणाली, "आलात की सिमरोलपर्यंत."

तिने भियांना फोन द्यायला सांगितलं. त्या दोघांचं काय बोलणं झालं कुणास ठाऊक, भिया नुसते हसत होते आणि 'हो ताई, हो' म्हणत होते. परतताना त्यांनी मला रस्त्यात पोहे खायला घातले. मी शाळेत गेलोच नाही.

त्या शुक्रवारी ती आली तेव्हा सतरंजी टाकली नाही. कंबर दुखत नव्हती. जेवताना तिने एक गोष्ट मागितली, लोकेशन बंद करायचं. त्या ठिपक्याकडे बघत मी बसलोय हे माहीत असलं की तिला कुठे थांबावंसं वाटलं तरी थांबता येत नाही, म्हणाली. त्याऐवजी ती फोन करेल. घाट उतरल्यावर, पूल ओलांडल्यावर आणि पोचल्यावर. उशीर झाला तर घाटात जाम आहे असं मी समजायचं. मी कबूल झालो. पहिले काही सोमवार फार वाईट गेले. वर्गात फळ्यावर उदाहरण अर्धवट सोडून मी खिशातला फोन चाचपायचो. मुलांच्या ते लक्षात आलं. सर, फोन आला नाही का अजून, असं पुढच्या बाकावरची एक मुलगी विचारायची.

याला आता वर्ष होऊन गेलं. मधून मधून शुक्रवारी शाळा लवकर सुटली की मी बसने बऱ्हाणपूरला जातो आणि शनिवारी तिच्यासोबत गाडीतून परत येतो. पुढच्या सीटवर बसायची परवानगी मला परत मिळाली आहे. हॅन्डल धरलं तर ती काही म्हणत नाही.

मागच्या महिन्यात असेच परत येत होतो. मोरटक्क्याच्या पुलावर गर्दी होती, अलीकडे लांबच लांब रांग लागली होती. तिने इंजिन बंद केलं, काच खाली केली. संध्याकाळचं वारं नदीवरून येत होतं. तेव्हा तिने सांगितलं की इंदूरच्या एका कॉलेजात तिच्या विषयाची जागा रिकामी होतेय. अर्ज केला तर मिळेल, असं वरिष्ठांनी सुचवलंय. तिला हे पंधरा दिवसांपासून माहीत होतं.

मी वळून तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, सुटलो. मग मला ते पंधरा दिवस दिसले.

"तू अर्ज केला नाहीस," मी म्हणालो.

नाही, ती म्हणाली. एक वर्ष अजून राहावं असं तिला वाटत होतं. तिथल्या मुली पहिल्यांदाच एमएससीला बसणार होत्या, त्यांना मध्ये सोडवत नव्हतं. आणि दुसरं म्हणजे हा रस्ता. हे चार तास तिला आता हवेसे झाले होते. या वेळात कुणी काही मागत नाही, कुणाला काही सांगायचं नसतं. हे सांगताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

मला बोचलं. घरात मी आहे, आणि तिला गाडीत बरं वाटतं. पण ते बोललो असतो तर ती गप्प झाली असती, आणि ती बोलत होती ते मला हवं होतं. पुढच्या बसमधून कुणीतरी नाणं नदीत टाकायला वाकलं, पण पूल अजून सुरू झाला नव्हता, नाणं रस्त्याकडेच्या कठड्याला लागून रस्त्यावरच पडलं.

"मला भीती वाटत राहील," मी म्हणालो. "ती जाणार नाही. वर्षभर बघितलं मी."

"वाटू द्या," ती म्हणाली. "मलाही वाटते. ट्रक आला होता ना मागे, तेव्हापासून. चढावर पुढे पोत्यांचा ट्रक असला की अजून हात गार पडतात."

हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. मी तर धरून चाललो होतो की भीती आमच्या घरात एकट्या माझ्याकडे आहे.

"मग मजा?" मी विचारलं.

"तीही येते," ती म्हणाली.

पुढची बस हलली. तिने किल्ली फिरवली, काच वर केली आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये हळूहळू पुलाकडे घेतली. अर्ज पुढच्या वर्षी करायचा, असं त्या पुलावर ठरलं.